नकाराचं पत्र आणि घरातली माणसं



नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाऊन आल्यावर नकार येणे ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या पिढीला तो पोस्टाने यायचा, आताच्या मुलांना फोनच्या पडद्यावर येतो, एवढाच फरक. पण आपल्या मंडळींचे मला जे फोन येतात, त्यांत आजारपणाच्या खालोखाल आता हाच विषय असतो. मुलगा शिकलेला, हुशार, चार-चार फेऱ्या पार करतो आणि शेवटी दोन ओळींचा ई-मेल येतो की आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. पुष्कळदा तोही येत नाही. मग मुलगा जेवत नाही, आई झोपत नाही आणि बाप म्हणतो, "आमच्या वेळी असं नव्हतं."

आमच्या वेळीही असंच होतं. मी 1979 साली या देशात आले ती मुंबईत नर्सिंग शिकून आणि सहा वर्षं वॉर्ड सांभाळून. त्या काळात बाहेरून आलेल्या पुष्कळ नर्सेस इथल्या राज्याच्या परीक्षेत अडकायच्या आणि नर्स असूनही मदतनीस म्हणून बेडपॅन उचलत राहायच्या. म्हणूनच 1977 साली सी.जी.एफ.एन.एस. ही संस्था निघाली, आपला देश सोडण्याआधीच परीक्षा घेऊन पाहणारी. पण सगळ्या परीक्षा झाल्या तरी इंटरव्ह्यू राहतोच. मला लागोपाठ चार ठिकाणी नाही म्हटले. एका बाईंनी तोंडावर सांगितले, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, पण पेशंटना तुमचे उच्चार कळायचे नाहीत. बसमध्ये मी रडले नाही. घरी येऊन भात लावला आणि मग रडले.

ते असो. मला सांगायचंय ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं. पुढे मी हेड नर्स झाले आणि अकरा वर्षं नव्या नर्सेसच्या इंटरव्ह्यूला बसत होते. पलीकडे बसल्यावर जे दिसतं ते इकडच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कधीच दिसत नाही. आमच्याकडे एका जागेला आठ-दहा अर्ज यायचे. त्यांतल्या पाच जणी तरी काम उत्तम करतील अशा असायच्या. निवड एकीची. मग ती कशावर व्हायची? कोण रात्रपाळी करायला तयार आहे. कोण लगेच रुजू होऊ शकते. व्हेंटिलेटरवरचे पेशंट आधी कोणी सांभाळलेत. कधी तर जागा आधीच आतल्या एखादीला द्यायची ठरलेली असायची, पण नियम म्हणून जाहिरात द्यावी लागे आणि म्हणून बाकीच्यांना बोलवावे लागे. दोनदा असे झाले की इंटरव्ह्यू झाले, मुलगी आम्ही पसंत केली, आणि वरून निरोप आला की पैसे नाहीत, जागा रद्द. त्या मुलीला गेले ते नेहमीचे छापील पत्र. तिने काय समज करून घेतला असेल, देव जाणे.

आणि पत्रातली भाषा सगळ्यांना तीच का असते? कारण वकील. खरे कारण लिहिले तर कोणी कोर्टात जाईल, म्हणून कारण लिहायचेच नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद असे. आपली मुलं त्या दोन ओळी दहा वेळा वाचून त्यांतून अर्थ काढत बसतात, पत्रिका पाहावी तसा. त्यात अर्थ नसतो. ते पत्र तुमच्याबद्दल नाहीच.

म्हणजे सगळे नकार निरपराध असतात असे मी म्हणत नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पुष्कळांना माहीत असेल. बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे 5000 खोटे अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारख्याच तोलाचे, फक्त काही अर्जांवर गोऱ्यांची वाटावीत अशी नावं आणि काहींवर काळ्यांची. पहिल्यांना साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणे आले, दुसऱ्यांना पंधरा अर्जांमागे एक. आपल्या लोकांची गंमत आणखी वेगळी. नाव रिबेका किंवा सॅम्युएल, आणि आडनाव कोकणातल्या गावाचं. फोनवर बोलावणाऱ्याने मनात एक माणूस धरलेला असतो, आणि दारातून येतो तो आपण! एक क्षणभर त्यांचा चेहरा बदलतो, तो मी पाहिला आहे.

यासाठी कायदा आहे, तो माहीत असावा. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने वर्ण, धर्म, मूळ देश, स्त्री-पुरुष यांवरून नोकरी नाकारता येत नाही. 1967 च्या कायद्याने चाळिशीच्या पुढच्यांना वयावरून नाकारता येत नाही. उच्चाराचं कारण फक्त कामात खरोखर अडथळा येत असेल तरच चालतं. शब्बाथला सुट्टी मागणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की 2023 साली सुप्रीम कोर्टाने, रविवारी काम नको म्हणणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात, धर्मासाठी सवलत नाकारणाऱ्या मालकाने धंद्याला भारी बोजा पडतो हे दाखवले पाहिजे असे ठरवले. तक्रार ई.ई.ओ.सी. या सरकारी कचेरीत करायची, 180 दिवसांच्या आत. जिथे राज्याचीही तशी कचेरी आहे तिथे 300 दिवसांपर्यंत. पण माझे मत विचाराल तर, पुरावा हातात असेल तरच त्या वाटेला जावे. नुसता संशय मनात घोळवत बसले तर पुढच्या इंटरव्ह्यूलाही तो बरोबर येतो.

काहींना शांतपणे थांबण्याचीही सोय नाही. एच-वन-बी वर असलेल्याची नोकरी गेली तर 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे फार तर 60 दिवस मिळतात. शिक्षण संपवून ओ.पी.टी. वर असलेल्या विद्यार्थ्याला बिननोकरीचे एकूण 90 दिवस, विज्ञान-तंत्रज्ञान शाखेची मुदतवाढ असेल तर सगळे मिळून 150. अशा मुलाला "धीर धर, होईल" हे सांगून उपयोग नाही. त्याला एक-एक नकार म्हणजे कॅलेंडरवरचे दिवस जाणे. त्याला वकिलाचा नंबर द्या, कोणाच्या ऑफिसात ओळख असेल तर ती द्या, भाडे नको म्हणून दोन महिने खोली द्या. ही मदत उपदेशापेक्षा मोठी.

आता घरातली गोष्ट. आपल्या ओळखीतल्या एका घरी (नाव सांगत नाही) मुलगा आठ महिने नोकरी शोधत होता. आईने नवस बोलला होता, नोकरी लागली की मलिदा करीन. चांगलीच गोष्ट. पण प्रत्येक पाहुण्यापुढे ती म्हणायची, "मलिदा राहिलाय बघा अजून." मुलगा समोर बसलेला. सुरुवातीला तो हसायचा, मग खोलीत जायला लागला, मग पाहुणे येणार कळले की घराबाहेर. आईच्या मनात पाप नव्हते. पण तो पोह्यांचा आणि गुळाचा मलिदा त्याच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता. मी तिला बाजूला घेऊन सांगितले, नवस देवाला ठाऊक आहे, शेजाऱ्यांना कशाला ऐकवतेस? महिनाभर माझ्याशी बोलली नाही. चालायचंच.

सांत्वनाला येणारेही काही कमी नसतात. ते थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगतात. मराठी माणूस सांगतो गोपाळराव जोश्यांची. 1878 साली त्यांनी कोल्हापूरहून इथल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिले, की मला अमेरिकेत नोकरी आणि बायकोला शिक्षण मिळेल का. उत्तर आले ते ख्रिस्ती होण्याच्या उपदेशाचे. पण ती पत्रे एका मिशनरी मासिकात छापली गेली, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी 1880 मध्ये दातांच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना ती वाचली, आणि त्यातून आनंदीबाई 1883 ला इथे येऊन 1886 साली डॉक्टर झाल्या. गोष्ट खरी आहे, मलाही आवडते. पण आज सकाळी नकार आलेल्या मुलाला ती संध्याकाळी ऐकवू नका. प्रत्येकाच्या पत्राला कार्पेंटरबाई भेटत नाहीत हे त्यालाही कळतं.

मग करायचं काय? इंटरव्ह्यूहून आल्यावर त्याच दिवशी काय-काय विचारले ते कागदावर लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी अर्धे विसरते. नकार आल्यावर एकच सभ्य पत्र पाठवून विचारावे की माझ्यात काय कमी पडले. बहुतेक उत्तर देणार नाहीत, पण मी हेड नर्स असताना अशी पत्रे पाठवणाऱ्या दोघींची नावे लक्षात ठेवली होती, आणि पुढची जागा निघाली तेव्हा त्यांतल्या एकीला मीच फोन केला. एका जागेचे उत्तर येईपर्यंत दुसरे अर्ज थांबवू नयेत. आणि घरच्यांनी "काय झालं?" विचारू नये. त्याला सांगायचे असेल तेव्हा तो सांगेल. जेवायला मात्र हाक मारावी.

एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. माणूस दोन आठवडे नीट झोपत नसेल, अंघोळ टाळत असेल, आवडीच्या गोष्टी सोडून देत असेल, "मी तुमच्यावर भार झालोय" असे बोलत असेल, तर ते आळस म्हणून सोडू नका. सरळ विचारा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट पुष्कळांना बोलायला वाट मिळते. 2022 च्या जुलैपासून या देशात 988 हा नंबर आहे. रात्री-बेरात्री फोन करा किंवा मेसेज करा, पलीकडे माणूस असतो. तोच नंबर आईबापांनीही स्वतःसाठी वापरावा. पन्नाशीत नोकरी गेलेले आपले पुरुष तर घरात कोणालाच सांगत नाहीत, सकाळी डबा घेऊन निघतात आणि लायब्ररीत बसतात.

मी आता रविवारी दुपारी फोनवर मुलांचे खोटे इंटरव्ह्यू घेते. आवाज कडक काढते, मुलं म्हणतात आंटी, तुम्ही खऱ्यांपेक्षा वाईट. आपल्यातले निवृत्त इंजिनिअर, बँकवाले, शिक्षक यांनीही एक-एक तास दिला तर फार होईल, कारण कॉम्प्युटरच्या जागेसाठी काय विचारतात ते मला ठाऊक नाही. त्या मुलाला शेवटी काउंटीच्या ऑफिसात नोकरी लागली, त्याला हवी होती तशी नाही, पण लागली. मलिदा झाला. कशासाठी ते आईने कोणालाही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.