मधुमेह संशोधनात सहा खेड्यांचे योगदान

मधुमेह हा स्थूल, सुखवस्तू आणि उतारवयातील माणसांचा विकार, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. भारतात मात्र तो तुलनेने तरुण व सडपातळ व्यक्तींनाही जडतो. याचा कारणशोध घेण्यात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्रातील मधुमेह विभागाने मोलाची कामगिरी बजावली आहे.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली आणि ब्रिटनमधील साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने या विभागाने १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास हाती घेतला. स्त्रियांच्या नोंदी गर्भधारणेपूर्वीच सुरू झाल्या. जन्मलेल्या बालकांचा पाठपुरावा ती तरुण होईपर्यंत करण्यात आला.

या अभ्यासाचा एक निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. या बालकांचे जन्मवेळचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. परंतु वजन कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. स्नायू मात्र कमी होते. ‘दिसायला कृश, पण मेदाने संपन्न’ असे हे भारतीय बालक जगभरच्या वैद्यकीय अभ्यासाचा विषय ठरले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक २२.३ असा समानच होता. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. केवळ वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही, हे यातून स्पष्ट झाले.

पुढे २००८ मध्ये आणखी एक बाब निदर्शनास आली. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये ते कमी आणि फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सहाव्या वर्षीच मंद आढळला. गरोदरपणातील फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद कराव्यात, असा याचा अर्थ नव्हे. ब-१२ कडेही लक्ष हवे, एवढाच आहे. हा संबंध पारखण्यासाठी २०१२ पासून त्याच मुलामुलींना, ती किशोरवयात आल्यावर, ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू करण्यात आला.

गर्भावस्थेतच पुढील आरोग्याचा पाया घातला जातो, या विचाराला पुण्याच्या संशोधनाने पोषणाची नवी बाजू जोडली. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेणाऱ्या मातांची बालके आकाराने सरस असल्याचेही याच अभ्यासात दिसले होते. म्हणूनच मधुमेह प्रतिबंधाचे कार्य केवळ दवाखान्याचे नाही. शाळेतील किशोरवयीन मुलींचा आहार आणि गावातील अंगणवाडी यांकडे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आस्थेने लक्ष पुरविले, तर पुढील पिढीच्या आरोग्याची राखण गावातच होऊ शकेल.