संगणकाच्या स्मृतीचे वांटे

ठाणें-बेलापूर रस्त्यानें ऐरोली, रबाळे, महापे या बाजूस गेलें, कीं फारशा खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती दृष्टीस पडतात. त्या इमारती म्हणजे डेटा सेंटर होत. कल्याण-डोंबिवलीच्या गृहस्थानें घरबसल्या बँकेचा हिशेब पाहिला किंवा गाडीचें तिकीट काढलें, तर तें काम अशाच एखाद्या इमारतींतील यंत्र करीत असतें. हीं यंत्रें आपल्या स्मृतीची वांटणी कशी करतात, हें समजण्यास बीजगणिताची आवश्यकता नाहीं.

संगणकाच्या चालक-प्रणालीच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. स्मृतीचा कोणता भाग कोणत्या कामास द्यावा, हें तो ठरवितो. स्मृतीचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात. त्यांस पानें म्हणतात. पान बहुधा ४०९६ बाइटांचें असतें. ६४ गिगाबाइटांच्या यंत्रांत अशीं १,६७,७७,२१६ पानें भरतात.

पूर्वीं सामान्य सर्व्हरांत अनेक प्रोसेसर एकाच वाटेनें एकाच स्मृतीकडे जात व त्या वाटेवर गर्दी होई. ए. एम. डी. कंपनीनें २००३ सालीं ऑप्टेरॉनमध्यें व इंटेलनें २००८ सालीं नेहालेममध्यें स्मृतीचें नियंत्रण प्रोसेसरांतच आणलें. त्यामुळें प्रत्येक प्रोसेसराच्या निकट स्वतःची स्मृति आली. शेजाऱ्याची स्मृतिही वाचतां येते, पण तेथें जाण्यास अधिक वेळ लागतो. या रचनेस ‘नुमा’ आणि निकटच्या स्मृतीसह होणाऱ्या एकेका गटास ‘नोड’ असें नांव आहे.

कल्याण-डोंबिवलींत उल्हास नदीचें पाणी येतें, पण तें घरोघर पोंचतें तें त्या त्या भागांतील जलकुंभांतून. नोडाचें असेंच आहे. साठा समाईक खरा, पण ज्याच्या त्याच्या जवळचा कुंभ निराळा. यंत्र सुरू होतांच कर्नलास अंतरांचा एक तक्ता मिळतो. त्यांत स्वतःच्या नोडाचें अंतर १० मानलेलें असतें. दुसऱ्याचें २० असेल, तर तेथें सुमारें दुप्पट वेळ लागेल असें समजावें. म्हणून ज्या प्रोसेसरावर काम चाललें असेल, त्याच्याच नोडांतील पान कर्नल प्रथम देऊं पाहतो.

साठा किती उरला हें ओळखण्यासाठीं कर्नल तीन रेषा आंखतो, आणि योगायोग असा कीं त्यांस इंग्रजींत जलरेषा याच अर्थाचा शब्द आहे. जवळचा साठा मधल्या रेषेखालीं गेला, तर शेजारच्या नोडांकडे पाहिलें जातें. तेथेंही तीच स्थिति असेल, तर प्रत्येक नोडासाठीं नेमलेला एक सेवक जागा होतो आणि वरच्या रेषेपर्यंत पानें मोकळीं करून पुन्हां निजतो. खालच्या रेषेखालील साठा राखीव होय. साठा तेथवर उतरला म्हणजे मागणाऱ्यासच थांबून जागा मोकळी करावी लागते.

एवढ्यावरच वांटणी थांबत नाहीं. लिनक्सच्या कर्नलास आरंभींच आज्ञा देऊन खऱ्या स्मृतीचे कृत्रिम नोड पाडतां येतात. ६४ गिगाबाइटांचे आठ वांटे केले व नकला काढणारा एखादा खादाड कार्यक्रम एका वांट्यांत कोंडला, तर तो फार तर ८ गिगाबाइट अडवील आणि बँकेचें काम निर्वेध चालेल. परंतु या कुंपणास किंमत द्यावी लागते. कोंडलेल्या कार्यक्रमाचा वांटा संपला, तर शेजारीं पानें रिकामीं असूनही कर्नल त्याला बंद पाडूं शकतो. उलट कुंपणच नसेल, तर एकाच्या हव्यासानें सर्वांचीं कामें रेंगाळतात. महत्त्वाचें काम मध्येंच तुटावें, कीं सर्वांनीं थोडें थोडें थांबावें, हा निर्णय शेवटीं यंत्र चालविणाऱ्या मनुष्यासच घ्यावा लागतो.

महाराष्ट्रांत याच प्रश्नाचें एक टोकाचें उत्तर पूर्वीं दिलें गेलें होतें. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यांत प्रत्येक प्रोसेसराची स्मृति सर्वस्वीं वेगळी होती. दुसऱ्याची माहिती हवी असल्यास संदेश धाडून मागवावी लागे. नुमा हा या दोहोंमधील मार्ग होय. त्यांत स्मृति सर्वांची राहते, मात्र जवळचें आणि दूरचें हा भेद कर्नलास सतत ध्यानांत ठेवावा लागतो.