बीडचे संशोधन आणि अधिछात्रवृत्ती

दसरा सरताच बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाची वाट धरतात. हे स्थलांतर काय, किंवा अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी काय, दोन्ही पीएच.डी.चे समर्थ विषय होत. मात्र अशा अभ्यासास वेळ व प्रवासखर्च लागतो. १९४८ पर्यंत जिल्हा हैदराबाद संस्थानात असल्याने इतिहासाच्या अभ्यासकास तर हैदराबादचे दप्तरखाने गाठावे लागतात.

यासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद व १९७२ ची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद अधिछात्रवृत्त्या देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती भाषा-साहित्यासही खुली असून, १ जानेवारी २०२३ पासून तिचा दर दरमहा ३७,००० रुपये झाला. राज्यातील बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांस साहाय्य करतात.

खरी अडचण क्रमाची आहे. दोन्ही परिषदांना पीएच.डी.ची नोंदणी आधी हवी असते. आयोगाची 'नेट' परीक्षा मात्र एम.ए.च्या अखेरच्या वर्षातच देता येते, आणि तिच्या अधिछात्रवृत्तीस वयोमर्यादा आहे. शिक्षण सोडून काही वर्षे शेतीत वा नोकरीत गेलेल्या विद्यार्थ्यास हा मार्ग अरुंद होत जातो. म्हणून ही माहिती प्राध्यापकांनी एम.ए.च्या वर्गातच द्यावयास हवी. नोंदणीनंतर ती निम्मीच उपयोगी पडते.