जिभेवरचा रंग

मे महिन्यातल्या संध्याकाळी बर्फगोळ्याच्या गाडीभोवती मुलांचा एक ठरलेला खेळ चालतो. गोळा चोखून संपला की सगळे जण एकमेकांना जीभ काढून दाखवतात. ऑरेंजवाल्याची जीभ केशरी, खसवाल्याची हिरवी, काला खट्टा घेतलेल्याची काळपट जांभळी. ज्याची जास्त रंगली तो जिंकला. रात्री दात घासले तरी ती जीभ पुरती निवळत नाही, आणि फ्रॉकवर ओघळलेला थेंब तर धुण्याला दाद देत नाही.

आता हळद आठवा. साडीवर वरणाचा डाग पडला की आपण ती धुऊन उन्हात टाकतो आणि संध्याकाळपर्यंत पिवळेपणा उडून जातो. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, म्हणूनच तो कारखान्याला परवडत नाही. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन, पॉन्सो 4आर ही नावं ज्यांची आहेत ते रंग उन्हात, उकळीत, आंबट पाकात महिनोन्महिने तसेच राहतात. खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून ते बनतात. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, त्या जोडणीला अ‍ॅझो बंध म्हणतात, आणि झळाळी येते ती त्या बंधामुळेच. स्वस्त, टिकाऊ आणि चिमटीत मावणारे. खाणाऱ्याच्या शरीरासाठी मात्र ते काडीचंही काम करत नाहीत. भूक भागवत नाहीत, चव देत नाहीत, अन्न टिकवत नाहीत. खाद्यपदार्थांत घातल्या जाणाऱ्या शेकडो रसायनांपैकी आहारातून आधी काय काढावं, असं कुणी विचारलं तर मी रंगापासूनच सुरुवात करायला सांगेन.

हा विचार पहिल्यांदा जोरात मांडला बेंजामिन फाइनगोल्ड या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञाने. 1965 मध्ये त्यांच्याकडे अंगावर पित्त उठलेली एक बाई आली. त्यांनी तिचा आहार बदलला, अ‍ॅस्पिरिनच्या जातकुळीतले पदार्थ आणि कृत्रिम रंग-स्वाद बंद केले. पित्त बसलं. पण ती ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जात होती, त्याच्या लक्षात आलं की तिचं वागणंही निवळलं आहे. फाइनगोल्ड यांनी मग तोच आहार एका जागी न बसणाऱ्या, अंगात भिंगरी असल्यासारख्या मुलांना देऊन पाहिला. 1973 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे त्यांनी आपली निरीक्षणं मांडली आणि बघता बघता हजारो आयांनी स्वयंपाकघरं बदलली. अनेकींनी सांगितलं, आमचं मूल शांत झालं.

खरी पंचाईत इथेच होती. ज्या घरात आई पाकिटं बंद करते, दोन्ही वेळचं जेवण स्वतः रांधते, मुलाबरोबर बसून त्याला जेवू घालते, रोज त्याच्या वागण्याची नोंद ठेवते, त्या घरात रंगाशिवाय इतरही बरंच काही बदललेलं असतं. शिवाय एवढी मेहनत घेतल्यावर फरक दिसावा असं कुणाला वाटणार नाही? त्या आयांची निरीक्षणं मी खोटी मानत नाही. पण त्यातून रंगाचा वाटा वेगळा काढता येत नव्हता. पुढच्या काही वर्षांत ज्या चाचण्या झाल्या त्यांत रंग कधी दिला आणि कधी नाही हे घरच्यांपासून लपवलं होतं. तेव्हा फाइनगोल्ड सांगत होते तेवढा मोठा परिणाम दिसला नाही आणि विषय थंडावला.

तो पुन्हा पेटवला इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने. जिम स्टीव्हन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरकडे नेलेली ‘चळवळी’ मुलं घेतलीच नाहीत, गावातली साधी मुलं घेतली. 3 वर्षांची 153 आणि 8-9 वर्षांची 144. सहा आठवडे त्यांच्या खाण्यातून ठरावीक रंग आणि सोडियम बेन्झोएट हे टिकाऊपणासाठी घालतात ते रसायन काढून टाकलं आणि रोज फळांच्या रसाचं एक पेय दिलं. काही आठवडे त्यात नुसता रस होता, एक आठवडा रंग आणि बेन्झोएटचं ‘अ’ मिश्रण, एक आठवडा ‘ब’. दिसायला आणि चवीला तिन्ही सारखी. कोणत्या आठवड्यात काय होतं हे आईला ठाऊक नव्हतं, शिक्षिकेला नव्हतं, आणि वर्गात बसून मूल किती वेळा उठतं, किती वेळा मध्येच बोलतं याची नोंद करणाऱ्यालाही नव्हतं. मोठ्या मुलांना लक्ष किती टिकतं हे पाहणारी एक संगणकावरची चाचणीही दिली. या सगळ्यांचा मिळून एक आकडा काढला.

3 वर्षांच्या मुलाला ‘अ’ मिश्रणातून दिवसाला मिळत होते 20 मिलिग्रॅम रंग. साखरेच्या मोजक्या दाण्यांचं वजन धरा. इतक्यावर फरक दिसला. लहान मुलांमध्ये ‘अ’ मिश्रणाच्या आठवड्यांत चळवळ वाढलेली होती. मोठ्या मुलांपैकी ज्यांनी पेय जवळजवळ पुरतं संपवलं होतं, त्यांच्यात दोन्ही मिश्रणांचा परिणाम दिसला. 2007 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला.

हा फरक सरासरीने लहान होता, हे दडवून चालणार नाही. शांत मूल पेय पिऊन भिंतीवर चढायला लागलं, असं काही झालं नाही. काही मुलांवर स्पष्ट परिणाम झाला, काहींवर अजिबात नाही. त्याच गटाने पुढे पाहिलं तेव्हा शरीरातल्या हिस्टामिनची विल्हेवाट लावणाऱ्या जनुकाची ठेवण ज्या मुलांत वेगळी होती, त्यांच्यावर रंगाचा प्रभाव जास्त असल्याचं दिसलं. अंगावर पित्त उठतं ते याच हिस्टामिनमुळे. फाइनगोल्ड यांच्याकडे पित्त घेऊन आलेली बाई इथे पुन्हा आठवते. आणखी एक गोष्ट. रंग आणि बेन्झोएट एकत्र दिल्यामुळे नेमकं कुणी काय केलं, हे या चाचणीतून सांगता येत नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पुरावा मर्यादित ठरवला. तरीही युरोपीय संघाने जुलै 2010 पासून साउदॅम्प्टनच्या दोन्ही मिश्रणांतल्या मिळून सहा रंगांपैकी एकही असला तर वेष्टनावर लिहायला लावलं की यामुळे मुलांच्या चळवळीवर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. औषधाबद्दल शंका आली तर फायदा-तोट्याचा तराजू धरावा लागतो. इथे फायद्याचं पारडं रिकामंच आहे, मग लहानशी शंकाही पुरेशी असायला हवी. असं वाक्य आपल्या गोळ्यांच्या पाकिटावर छापायला कोण तयार होईल? पुष्कळ कंपन्यांनी रंगच बदलले. काहींनी तर आधीच सुरुवात केली होती. ब्रिटनमधल्या स्मार्टीज गोळ्यांतून 2006 मध्ये निळी गोळी गायब झाली, कारण नैसर्गिक निळा हाताशी नव्हता. 2008 मध्ये ती परतली ती स्पिरुलिना या शेवाळाचा रंग लेवून. मुलांनी गोळ्या खाणं काही सोडलं नाही.

आपल्याकडे ‘अ’ मिश्रणातले चारही रंग कायद्याने चालतात. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली तर ते आकड्यांत भेटतात: 102 म्हणजे टार्ट्राझीन, 110 सनसेट यलो, 122 कार्मोइसीन, 124 पॉन्सो 4आर. मी हे चार आकडे मुलांच्या खाऊच्या पाकिटावर शोधते आणि सापडले की पाकीट परत ठेवते. मात्र आकडा दिसला की विष, असं अजिबात नाही. हळदीतल्या रंगद्रव्याचा आकडा 100 आहे. आवळ्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाचा 300, लिंबाच्या आंबटपणाचा 330, आणि आजीच्या डब्यातल्या खायच्या सोड्याचा 500. सगळ्यांना एका माळेत ओवून ‘केमिकल’ म्हणणारे लोक भीती वाढवतात, पारख वाढवत नाहीत. टिकाऊपणासाठी घातलेले काही पदार्थ जिवाणूंना आणि बुरशीला खरोखर रोखतात. ते काढले तर त्यांचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं: मिठाने, तेलाने, उन्हाने किंवा फ्रिजने.

पाकिटावर निदान आकडा तरी असतो. गाडीवर तोही नसतो. कायदा रंग मिलिग्रॅममध्ये मोजतो, बहुतेक मिठाई-गोळ्यांसाठी किलोमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत, आणि कढईपुढे उभा असलेला माणूस चिमटीने मोजतो. शुद्ध रंगाची चिमूट दोन-तीनशे मिलिग्रॅमची सहज होते. त्याहून वाईट म्हणजे डबीत खाण्याचा रंग आहे की कापड रंगवायचा, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. ऱ्होडामीन-बी हा तसला गुलाबी रंग. तो सापडल्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडूने म्हातारीचे केस विकायलाच बंदी केली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने त्यांत आणि गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला मनाई केली. गोव्यात म्हापसा पालिकेने त्याच सुमारास गोबी मंच्युरियनचे गाडे बंद करण्याचा ठराव केला, त्यातही रंगाची तक्रार होतीच. कापडाच्या या रंगांना साउदॅम्प्टनच्या लहान-मोठ्या परिणामांची चर्चा लागूच होत नाही. ते पोटात जाण्यासाठी बनलेलेच नाहीत.

रंग सोडल्यावर बरं वाटायला लागलं असं मोठी माणसंही सांगतात. त्यांचं म्हणणं समजायला अमेरिकेतला एक प्रयोग उपयोगी पडतो. राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना महिनाभर संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं रांधलेलं. समोर ठेवलेल्या ताटांत उष्मांक, साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. 2019 मध्ये निष्कर्ष आले: पाकिटातल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत साधारण किलोभर वजन वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. यात रसायनांचा दोष किती, मऊपणाचा किती, भराभर गिळलं जाण्याचा किती, हे या प्रयोगाने वेगळं केलं नाही. पण 102 आणि 110 टाळायला निघालेल्या माणसाच्या हातून आपोआप काय सुटतं ते पाहा. गोळ्या, रंगीत सरबतं, मसाला लावलेले कुरकुरीत तुकडे. रंगाचा माग काढत गेलं की साखर, मीठ आणि तेल त्याच दुकानात सापडतात.

आपल्या मुलाला रंगाचा त्रास होतो का, हे घरीही बऱ्यापैकी पडताळता येतं, फक्त साउदॅम्प्टनची शिस्त थोडी उसनी घ्यावी लागते. दोन आठवडे ते चार आकडे आणि गाडीवरचे रंग पूर्ण बंद ठेवायचे. रोज झोपण्याआधी दोन ओळी लिहायच्या: झोप, चिडचिड, अभ्यासाला किती वेळ बसला. मग बहुतेक जण जे करत नाहीत ते करायचं. घरातल्या एकाने काही दिवस रंग पुन्हा द्यायचा, काही दिवस नाही, तोही नोंद ठेवणाऱ्याला न सांगता, आणि मुलालाही कळू न देता. दुधात, भातात, शिऱ्यात रंग लपत नाही, काळ्या द्राक्षांच्या रसात लपतो, म्हणून तो रस रोज द्यायचा. रंग परवानगीचाच, बाजारात मिळणारा, बाटलीवर आकडा असलेला, आणि मोजून एखाद-दोन थेंबच. आधी कधी पित्त उठलं असेल किंवा दमा असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही, आणि मुलाचं कुठलं औषध चालू असेल तर ते या भरवशावर थांबवायचं नाही. आठवड्याने दोघांनी वही एकत्र उघडायची. रंगाचे दिवस नोंदींवरून ओळखू आले, तर ते चार आकडे घराबाहेरच बरे. नाही ओळखू आले, तर मुलाच्या चळवळीचं कारण दुसरीकडे शोधायचं, त्याच्या झोपेत, डोळ्यांच्या नंबरात, शाळेतल्या बाकावर.