अन्नमरुप्रदेश, ग्रामीण

ताजी फळे, भाजीपाला, दूध, मांस इ. पोषक खाद्यपदार्थ परवडणाऱ्या किंमतीस विकणारे दुकान ज्या वस्तीच्या सोयीच्या अंतरावर नसते, अशा अल्प उत्पन्नाच्या वस्तीला वा प्रदेशाला ही संज्ञा लावतात. ‘फूड डेझर्ट’ या इंग्रजी संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. अन्नमरुप्रदेश म्हणजे दुष्काळी प्रदेश नव्हे. दुष्काळात अन्नाचा साठाच अपुरा पडतो किंवा ते विकत घेण्याची लोकांची ऐपत नाहीशी होते; येथे मात्र देशात अन्नाची रेलचेल असते, ग्राहकाजवळ थोडाफार पैसाही असतो, परंतु अन्न आणि ग्राहक यांच्यामधील अंतर तुटत नाही. पोट भरते, पण ते पाकीटबंद, खारट, गोड व तळीव पदार्थांनी. त्यामुळे अशा प्रदेशात उपासमारीपेक्षा स्थूलता, मधुमेह आणि रक्तदाबाचे विकार अधिक आढळतात.

स्कॉटलंडच्या पश्चिम भागातील एका सरकारी गृहवसाहतीच्या रहिवाशाने १९९०च्या सुमारास हा शब्दप्रयोग प्रथम केला, असे सांगतात. ब्रिटिश शासनाच्या पोषणविषयक कार्यगटाच्या कागदपत्रांत तो १९९५ मध्ये आला आणि तेथून अभ्यासकांत रूढ झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००८ च्या शेती-कायद्याने या प्रश्नाच्या पाहणीचा आदेश दिला. तदनुसार कृषिखात्याने २००९ मध्ये काँग्रेसला अहवाल सादर केला व २०११ मध्ये देशाचा नकाशा प्रसिद्ध केला. या खात्याच्या व्याख्येनुसार जनगणनेच्या ज्या विभागात दारिद्र्याचे प्रमाण २० टक्के वा अधिक असते, किंवा कुटुंबाचे मध्यम उत्पन्न राज्याच्या वा महानगरक्षेत्राच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून अधिक नसते, तो अल्प उत्पन्नाचा विभाग होय. त्यातील किमान ५०० व्यक्ती किंवा ३३ टक्के लोक मोठ्या किराणा दुकानापासून शहरी भागात १ मैलाहून (१·६ किमी.) व ग्रामीण भागात १० मैलांहून (१६ किमी.) दूर राहत असतील, तर तो अन्नमरुप्रदेश ठरतो.

ही व्याख्या मोजणीस सोयीची आहे. परंतु ग्रामीण, विशेषतः डोंगराळ, भागात ती फसवी ठरते. अंतर सरळ रेषेत मोजले जाते. पक्ष्याला १० मैल असणारी वाट दरीतून वळसे घेत जाणाऱ्या मोटारीला कितीतरी अधिक पडते. शिवाय ‘दुकान आहे’ एवढीच नोंद होते. त्यात आठवड्यातून किती वेळा ताजा माल येतो, दर काय आहेत, हे नकाशात दिसत नाही. ज्याच्याजवळ मोटार नाही त्या वृद्धाला आठ मैल आणि अठरा मैल यांत फारसा फरक उरत नाही, कारण ग्रामीण अमेरिकेच्या बहुतेक भागांत सार्वजनिक बस जवळजवळ नसतेच. शेजाऱ्याला पेट्रोलचे पैसे देऊन महिन्यातून एकदा बाजार करणे, हाच त्याला मार्ग असतो; आणि महिन्यातून एकदा बाजार करणारा मनुष्य पालेभाजी विकत घेत नाही.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाकडील मॅक्डॉवेल काउंटीचे उदाहरण बोलके आहे. ॲपालॅचिअन पर्वतराजीतील सु. १,३८५ चौ. किमी. क्षेत्राची ही काउंटी अरुंद दऱ्या व तीव्र उतार यांनी भरलेली असून वेल्च हे तिचे मुख्य ठाणे आहे. १८८० नंतरच्या दशकात येथे लोहमार्ग आला व उत्तम प्रतीच्या दगडी कोळशाच्या खाणी सुरू झाल्या. खाणकंपन्यांनी दरीतील सपाट जागी कामगारांच्या चाळी, शाळा आणि स्वतःचे दुकान उभारले. बहुसंख्य जमीन बाहेरच्या कंपन्यांच्या मालकीची राहिली. मजुरीचा काही भाग कंपनीच्या शिक्क्याच्या नाण्यांत मिळे व ती नाणी कंपनीच्याच दुकानात चालत. या पद्धतीने कामगार कर्जात बुडाले, हे खरेच. तथापि प्रत्येक वस्तीत पायी जाण्याच्या अंतरावर पीठ, मांस, भाजी मिळणारे दुकान होते, हेही तितकेच खरे. घरामागच्या परसात मका, घेवडा, बटाटे पिकत, डुकरे पाळली जात आणि हिवाळ्यासाठी भाज्या बरण्यांत भरून ठेवल्या जात.

१९५० मध्ये काउंटीची लोकसंख्या ९८,८८७ होती. खाणीत यंत्रे आली आणि दहा वर्षांत ती ७१,३५९ वर उतरली. बेकारांच्या या भागाने राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांचे लक्ष १९६० च्या प्रचारदौऱ्यात वेधून घेतले. केनेडींनी सत्तेवर येताच अन्नकूपनांची प्रायोगिक योजना सुरू केली व तिची पहिली कूपने २९ मे १९६१ रोजी याच काउंटीत दिली गेली. पेन्सव्हिल येथील पंधरा माणसांच्या एका कुटुंबाने ९५ डॉलरची कूपने घेतली. १९३९–४३ या काळातील कूपन योजना बंद पडल्यानंतर अठरा वर्षांनी झालेला हा प्रारंभ होय. १९६४ च्या कायद्याने ही योजना स्थायी झाली; पुढे कूपनांच्या जागी विद्युत् कार्ड आले आणि २००८ मध्ये तिचे नावही बदलले. क्रयशक्तीचा प्रश्न या योजनेने बऱ्याच अंशी हलका केला. ते पैसे कोठे खर्च करावयाचे, हा प्रश्न मात्र तिच्या कक्षेत कधीच नव्हता.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पोलाद उद्योगाच्या मंदीबरोबर येथील मोठ्या खाणी बंद झाल्या. लोकसंख्या २००० मध्ये २७,३२९ व २०२० मध्ये १९,१११ झाली. म्हणजे सत्तर वर्षांत पाच माणसांपैकी चार नाहीशी झाली. दुकाने गिऱ्हाइकांमागोमाग गेली. २००५ मध्ये किंबल येथे वॉलमार्ट या कंपनीचे अतिविशाल दुकान सुरू झाले. ताजा भाजीपाला, औषधे, कपडे आणि नोकऱ्या एकाच छपराखाली आल्या आणि दूरदूरच्या दऱ्यांतील लोक भेटीगाठींसाठीही तेथे जमू लागले. अशा दुकानाच्या दरांपुढे लहान किराणा दुकाने टिकणे कठीण होते. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने देशातील १५४ दुकाने बंद केली, त्यांत किंबलचे होते. सु. १४० लोकांची नोकरी गेली. त्या दुकानाकडून स्थानिक अन्नछत्राला मिळणारा शिल्लक माल थांबला, म्हणजे ज्यांना विकत घेणे शक्य नव्हते त्यांचाही आधार त्याच दिवशी तुटला. त्याच कंपनीचे पुढचे दुकान घाटरस्त्याने सु. एका तासावर होते. एकाच मोठ्या दुकानावर सबंध काउंटीचा पुरवठा टांगला गेला की काय होते, याचा हा धडा होय.

लहान दुकान का चालत नाही, याची कारणे हिशेबाच्या वहीत सापडतात. किराणा व्यवसायात निव्वळ नफा विक्रीच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो. घाऊक व्यापाऱ्याची मालमोटार किमान मागणी असल्याशिवाय दरीत शिरत नाही. मोठ्या साखळी दुकानांना मिळणारे दर लहान दुकानदाराला मिळत नाहीत. अशा दरभेदाविरुद्ध १९३६ मध्ये रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला होता, पण १९८० नंतर त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली. शीतकपाटांचे वीजबिल गिऱ्हाईक असो वा नसो, द्यावेच लागते. त्यात अन्नसाहाय्याची रक्कम वेस्ट व्हर्जिनियात महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत कार्डांवर जमा होते. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात दुकानात रीघ व दुसऱ्यात शुकशुकाट, अशी स्थिती असते. उत्तरार्धात आणलेली भाजी सडते, म्हणून दुकानदार ती आणीनासा होतो. अलीकडे गावोगाव निघालेल्या ‘डॉलर’ दुकानांनी आणखी एक घाव घातला आहे. ही दुकाने बहुधा डबाबंद व कोरडा माल विकतात. नेमका हाच माल किराणा दुकानदाराला नफा देतो आणि त्या नफ्यावर तो नाशवंत माल ठेवू शकतो. कोरडा माल गेला की भाजीचा कोपराही जातो.

या संज्ञेवर दोन बाजूंनी टीका झाली आहे. मरुप्रदेश निसर्गनिर्मित असतो. हा तर जमीनमालकी, व्यापारनीती व भांडवलाच्या स्थलांतरातून घडलेला आहे, तेव्हा शब्दच दिशाभूल करणारा आहे, असे काही कार्यकर्ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. दुसरी टीका अर्थशास्त्रज्ञांची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, गरीब व श्रीमंत कुटुंबांना सारखीच दुकाने व सारखेच दर उपलब्ध करून दिले तरी त्यांच्या आहाराच्या पोषणमूल्यातील तफावत सु. १० टक्क्यांनीच कमी होईल, असे अनुमान निघाले. फिलाडेल्फियातील एका वस्तीत नवे दुकान उघडल्यावर लोकांची सोय वाढली, पण फळे-भाज्यांच्या सेवनात लक्षणीय फरक पडला नाही, असेही २०१४ मध्ये दिसून आले. सवय, शिक्षण, स्वयंपाकास मिळणारा वेळ यांचा वाटा मोठा आहे, हे मान्य करावे लागते. परंतु ज्या सवयी दोन पिढ्यांच्या टंचाईत घडल्या, त्या दुकान उघडल्याच्या वर्षभरात मोडतील, ही अपेक्षाच अवास्तव होय. शिवाय या अभ्यासांचा विषय आहार आहे. तासाभराच्या प्रवासाचे पेट्रोल व दिवसाचा खोळंबा हा भुर्दंड त्यात येत नाही. उलटपक्षी, सगळा दोष दुकानांच्या अभावाला देणेही चूक ठरेल. २०१० च्या सुमारास मॅक्डॉवेलमध्ये पुरुषांचे सरासरी आयुर्मान सु. ६४ व स्त्रियांचे सु. ७३ वर्षे होते. त्यामागे आहाराबरोबरच धूम्रपान, खाणीतील धुळीने होणारे फुप्फुसांचे रोग आणि वेदनाशामक औषधांचे व्यसन हीही कारणे आहेत.

उपायांमध्ये फिरत्या भाजीगाड्या, फळे-भाज्यांच्या खरेदीवर अन्नसाहाय्यात जादा रक्कम, शाळांच्या भोजनासाठी स्थानिक शेतमालाची खरेदी व नव्या दुकानांना कर्जपुरवठा यांचा समावेश होतो. काही गावांनी दुकान स्वतःच चालवण्याचा मार्ग पत्करला. कॅनझसमधील सेंट पॉल या लहानशा गावात १९८५ पासून किराणा दुकान नव्हते. ते २००८ मध्ये पुन्हा सुरू झाले व २०१३ मध्ये नगरपालिकेने ते आपल्या मालकीचे केले. फ्लॉरिडातील बॉल्डविन नगराने २०१९ मध्ये हाच प्रयोग केला. तेथील दुकान रस्ते व पाणीपुरवठ्याप्रमाणे नगराची सेवा म्हणून चालवण्यात येत होते. परंतु घाऊक खरेदीचे दर व अपुरी विक्री यांचा मेळ बसला नाही आणि २०२४ मध्ये ते बंद करावे लागले.