पावसाळा संपला की टर्फचे जोड का उघडतात? रत्नागिरीतल्या अंगणात ते कधी आणि कसे दुरुस्त करायचे?

ऑक्टोबर उजाडला की कोकणात अंगणाची कामं निघतात. पावसाने उखडलेलं खळं खणायचं, सपाट करायचं, चोपण्याने चोपायचं आणि मग शेणाने सारवायचं, हा क्रम रत्नागिरीतल्या जुन्या घरांना पाठ आहे. आता काही परसात आणि गच्च्यांवर मातीच्या जागी कृत्रिम गवत आलंय. बॉक्स क्रिकेटमुळे ‘टर्फ’ हा शब्दही सगळ्यांच्या तोंडी झालाय. पण पावसाळ्यानंतरचं काम काही चुकलेलं नाही. गवताच्या दोन पट्ट्या जिथे जोडल्या आहेत तिथे फट दिसायला लागते आणि कडा वर येतात.

क्रिकेट खेळताना त्या कडेत बूट अडकतो, पाय मुरगळतो. गोल्फच्या सरावासाठी परसात पटिंग ग्रीन केलं असेल, तर चेंडू जोडावर आला की वाट सोडतो. तिथलं गवत साधारण १० ते १५ मिलिमीटरच उंच असतं, त्यामुळे दोन मिलिमीटरचा उंचवटाही लपत नाही.

अशा वेळी बहुतेक जण हार्डवेअरच्या दुकानातून गोंदाचा डबा आणतात, फटीत ओततात आणि वर चिरा ठेवून देतात. थोड्याच दिवसांत जोड पुन्हा उघडतो. मग गोंदाला नावं ठेवत दुसरा डबा येतो. बऱ्याचदा दोष गोंदाचा नसतोच.

जोड टिकतो कशावर?

टर्फ रोलमध्ये येतं. रोलची रुंदी सहसा दोन किंवा चार मीटर असते, म्हणजे मोठ्या जागेत जोड अटळ. दोन पट्ट्या शेजारी ठेवतात, त्यांच्या खाली एक रुंद टेप अंथरतात आणि टेपवर गोंद पसरून दोन्ही कडा त्यात दाबतात. पट्ट्या एकमेकींना थेट चिकटलेल्या नसतात. दोघींना धरून ठेवते ती टेप, आणि टेपला आधार असतो खालच्या जमिनीचा.

रत्नागिरीत खरी गडबड इथेच होते. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. टर्फखाली लाल माती किंवा जांभ्याचा चुरा असेल आणि पाण्याला उतार नसेल, तर बारीक माती वाहून जाते आणि तिथे पोकळी तयार होते. त्यावर पाय पडला की टेप झोळीसारखी खाली जाते आणि कडा सुटतात.

पावसाआधी उन्हाळ्याने सुरुवात केलेलीच असते. भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. प्लास्टिक दिवसा पसरतं, रात्री आखडतं, आणि हा ताण जोडावर येतो. कडेला साधे लोखंडी खिळे ठोकले असतील, तर खाऱ्या हवेत तेही गंजून सैल होतात.

आधी उचलून पाहा

दुरुस्तीआधी जोडाची कड उलटून खाली काय आहे ते बघायला हवं. गोंद टेपवर आहे पण टर्फच्या पाठीला लागलेलाच नाही, तर चिकटवताना पाठ ओली किंवा धुळकट होती. गोंद फेसासारखा, बुडबुड्यांनी भरलेला दिसला, तर काम ओलाव्यात झालं होतं. आणि गोंद, टेप दोन्ही ठीक असून बोटाने दाबल्यावर खालची जमीन खचत असेल, तर नवा गोंद आणून काहीही होणार नाही.

या बुडबुड्यांमागे साधं रसायनशास्त्र आहे. या कामाला पॉलियुरेथेन म्हणजे पीयू गोंद वापरतात. त्याचा एका डब्यातला प्रकार हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. मात्र पाणी जास्त झालं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, गोंद फुगतो आणि कमजोर होतो. लाकडाला लावायचा पांढरा गोंद तर इथे कामाचाच नाही, पाण्यात तो मऊ पडतो. म्हणून जुलैत उघडलेल्या जोडावर तेव्हाच गोंद लावू नये. तोवर त्या जागेवर खेळ थांबवायचा आणि सलग कोरडे दिवस मिळण्याची वाट पाहायची.

मग काम कसं करायचं?

जोडाच्या दोन्ही बाजूंचं टर्फ हातभर उलटून दोन दिवस वाळू द्यायचं. जुनी टेप आणि गोंद खरवडून काढायचा. खचलेल्या जागी बारीक खडीचा चुरा भरून, पाणी मारून चोपायचं आणि ते पूर्ण सुकल्यावरच पुढे जायचं. आधीच्या पिढीचं चोपणं घरात असेल तर ते इथे छान चालतं.

कडा फाटल्या असतील तर पाठीच्या बाजूने, टाक्यांच्या दोन ओळींमधून धारदार कटरने सरळ कापायच्या. वरून कापलं की पातीही कापली जातात. नवी टेप मधोमध ठेवायची आणि दातेरी पात्याने गोंद पसरायचा. दोन कडांमधलं अंतर टर्फच्या टाक्यांच्या दोन ओळींमधल्या अंतराइतकंच हवं. जास्त ठेवलं तर रेघ दिसते, कमी ठेवलं तर कडा एकमेकींवर चढतात. दोन्हीकडची पाती एकाच दिशेने झुकलेली हवीत. कड दाबताना पाती गोंदात अडकू द्यायची नाहीत. नंतर २४ तास वाळूच्या पिशव्यांचं वजन. खिळे लागलेच तर गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे.

जोड सुकल्यावर गवतात वाळू भरावी लागते, नाहीतर पाती आडवी होतात. समुद्रावरची वाळू फुकट मिळते, पण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. त्यापेक्षा धुतलेली सिलिका वाळू घ्यावी. तिच्या खाणी कोकणातच आहेत, सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरात.

फट बोटभर रुंद असेल, तर टर्फ ओढून जुळवायचा मोह टाळावा. ओढलेली पट्टी आखडली की जोड परत सुटतो. अशा ठिकाणी दोन्ही कडा कापून मधे नवा तुकडा बसवतात. तो त्याच रोलचा असला तरी उन्हाने विटलेल्या गवतात गडद दिसतो. त्यामुळे तुकडा त्याच अंगणाच्या उन्हातल्या एखाद्या कोपऱ्यातून काढायचा आणि जपून ठेवलेला नवा तिकडे लावायचा. कुंडीखालचा मात्र घेऊ नये, तो सगळ्यात हिरवा असतो.