मुठीचें अस्तर आणि पात्याचें वय

जुन्या शस्त्रांच्या व लेखनसाहित्याच्या संग्राहकांस एक प्रश्न वारंवार पडतो. हातीं आलेल्या सुरीचें पातें जुनें आणि मूठ मागाहूनची दिसली, तर ती वस्तु अस्सल मानावी कीं बनावट? या प्रश्नाचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यास निमित्त मात्र आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे, ती प्रथम सांगणें प्राप्त आहे.

परभणी जिल्ह्यांतील पिंगळी हें गांव पिंगळेश्वराचें देऊळ व तेथील प्राचीन बारव यांमुळें अभ्यासकांस परिचित आहे. तेथील एका जुन्या घरीं दप्तर पाहत असतां मोडी कागदांच्या रुमालांत बोरू तासण्याचा एक लहानसा चाकू आम्हांस मिळाला. फारसींत यास कलमतराश म्हणतात. मुठीस दोन्ही बाजूंनीं शिंगाच्या पट्ट्या होत्या. त्यांतील एक सैल होती आणि तिच्या खालून तांबड्या सकलादीची कड डोकावत होती. पट्टी खिळ्यांवरून सहज निघाली. आंतील सकलाद मळकी व कुजकी वाटल्यामुळें आम्हीं ती खरवडून टाकिली आणि वस्तु मूळ रूपांत आणल्याचें समाधान मानिलें. परंतु लोखंड उघडें होतांच त्यांत चार भोकें दिसलीं. खिळे दोनच होते. म्हणजे या पात्यास पूर्वीं दुसरी मूठ होती. ती गेल्यावर कोणी नव्या पट्ट्या बसविल्या व त्यांखालीं रंगीत अस्तर घातलें. त्या दुरुस्तीचा काळ सांगूं शकणारा साक्षीदार आम्हीं केरांत टाकिला होता.

अशी चूक इतरांकडून होऊं नये म्हणून मुठीची रचना समजून घेतली पाहिजे. अमरकोशांत सुरीस शस्त्री, असिपुत्री, छुरिका व असिधेनुका अशीं नांवें असून मुठीस त्सरु असा वेगळा शब्द आहे. कारागिराच्या दृष्टीनेंही पातें व मूठ या दोन वस्तूच होत. त्यांचा जोड मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्यांत पात्याची निमुळती शेपटी पोकळ मुठींत शिरते व लाख-राळेच्या लगद्यानें पक्की होते. बहुतेक देशी तलवारी अशा आहेत. लाख ऊन केली कीं मूठ सुटते. दुसऱ्यांत शेपटी मुठीएवढीच रुंद असून तिच्या दोन्ही अंगांस शिंग, हाड, हस्तिदंत किंवा लांकूड यांच्या पट्ट्या खिळ्यांनीं जडविलेल्या असतात. पेशकब्ज व कारद यांच्या मुठी बहुधा या प्रकारच्या आढळतात.

अस्तराचा उपयोग या दुसऱ्या प्रकारांत होतो. शिंग व लांकूड हवेंतील ओलाव्यानें फुगतें आणि उन्हाळ्यांत आकसतें. लोखंड तसें करीत नाहीं. मधला थर ही तफावत सोसतो आणि सांध्यांतील फट बुजवितो. शिवाय पट्टी व लोखंड यांमध्यें रंगाची एक बारीक रेघ उमटून मूठ खुलून दिसते. जडावाच्या कामांत रत्नाखालीं डांक घालतात, त्याच जातीची ही हौस होय. शेफील्डच्या मिटणाऱ्या चाकूंत मात्र पितळी अस्तर केवळ शोभेचें नसून पात्याची खीळ व कमान यांचा आधार असतें.

मूठ बदलणें ही लबाडी नव्हे, जुनी रीतच आहे. युरोपांतून आलेल्या पात्यांस देशी मुठी चढवून मराठ्यांनीं फिरंगी तलवारी वापरल्या. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत पूरण व कल्याण या कोरक्यांकडून खंजिरांच्या मुठी करविल्याचें लिहिलें आहे. पातें व म्यान यांचें काम त्यानें निराळ्या कारागिरांकडे सोंपविलें होतें. तेव्हां एका वस्तूंत दोन काळ नांदणें स्वाभाविक आहे. बनावट ती, जिच्यांत मागाहूनचा भाग मूळचा म्हणून विकला जातो.

हे काळ ओळखण्यास कांहीं खुणा उपयोगी पडतात. अस्तर कागदाच्या लगद्यासारख्या दाट, तांबड्या किंवा काळ्या फायबरचें असेल, तर तें १८५९ पूर्वींचें असूं शकत नाहीं. कारण व्हल्कनाइज्ड फायबरचें पेटंट टॉमस टेलर यानें त्या सालीं घेतलें. बेकेलाइटची पट्टी विसाव्या शतकाच्या अलीकडचीच. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदांत एकमेकांस छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते; हाडांत बारीक ठिपके दिसतात; सेल्युलॉइडच्या नकलेंत समांतर रेषा फार नियमित असतात.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच. सैल पट्टी दिसल्यास प्रथम छायाचित्र घ्यावें, भोकांचीं अंतरें मोजावीं, आणि निघालेला कण कितीही क्षुद्र वाटला तरी चिठ्ठी लावून जपावा. नवी पट्टी बसवणें भागच असेल, तर म्हशीचें शिंग किंवा लांकूड घ्यावें व टिपणांत तसें लिहावें. हस्तिदंत शोधूं नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांत १९८६ आणि १९९१ सालीं झालेल्या दुरुस्त्या यांमुळें त्याचा व्यापार बंद आहे.

पोथीचें गहाळ पान दुसऱ्या हातानें लिहून घातलेलें आढळलें, तर आपण तें फाडून टाकीत नाहीं. अक्षराचें वळण पाहतों, कागद पारखतों आणि त्या अज्ञात लेखकाचे आभार मानतों. त्यानें पोथी वाचविली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. बोरूचा चाकू त्याच पोथीच्या जन्माचा सोबती. त्याच्या मुठीसही तोच न्याय लावावा. आमच्या चाकूचीं चार भोकें आम्हीं आतां मोजून ठेविलीं आहेत. सकलादीचा रकाना तेवढा कोरा राहिला आहे.